जुनी गाडी, डिझेल आणि घरचा हिशेब

वाहन विकत घेणाराच नव्हे, तर दुसऱ्याच्या वाहनाकडे नुसता कौतुकाने पाहणाराही आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतो तो ‘अॅव्हरेज किती देते?’ हा. संख्याशास्त्रातील ‘सरासरी’ या संकल्पनेला इतकी लोकमान्यता वर्गात कधी लाभली नाही, ती पेट्रोल पंपावर लाभली! परंतु सरासरी ही जितकी सोयीची तितकीच फसवी वस्तू आहे. ती कशाची काढली, कोणत्या परिस्थितीत काढली आणि तिच्यावरून कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, हे न पाहता तिच्यावर विसंबणारा माणूस नुकसानीत जातो. प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल असा आहे : पंधरा-वीस वर्षे वापरलेले मालवाहू पिकअप डिझेल किती खाते, आणि केवळ त्या कारणासाठी ते मोडीत काढावे काय? परंतु वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील शेकडो कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न घर चालण्या-न चालण्याचा आहे.

निर्मळ, भुईगाव, वाघोली, गास, नंदाखाल या गावांची वाडी अजून पुरती बुजलेली नाही. चहूबाजूंनी इमारती चढत असताना बावखलांच्या काठी सोनचाफा, मोगरा, केळी, दुधी, अळू आणि पालेभाज्या पिकवणारी माणसे येथे टिकून आहेत. त्यांचा माल पूर्वी डोक्यावरच्या पाटीतून स्टेशनपर्यंत आणि तेथून लोकलने मुंबईला जाई. विरारहून मुंबईकडे लोकल १८६७ साली सुरू झाली. तेव्हापासून या रुळांनी वसईच्या भाजी-फुलांना शहराची वाट दाखवली. आजही काही भगिनी त्याच वाटेने जातात. परंतु मालाचा मोठा भाग आता मध्यरात्रीनंतर पिकअपमध्ये चढतो आणि महामार्गाने, वर्सोव्याचा पूल आणि दहिसर ओलांडून दादरच्या बाजारात उजाडण्यापूर्वी पोचतो. म्हणजे निर्मळच्या चाफ्याच्या भावात डिझेलचा अंश मिसळलेला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

एका वहीतील आकडे

माझ्या चुलत्यांकडे २००७ साली घेतलेले असे एक पिकअप आहे. चुलते फारसे शिकलेले नाहीत. पण त्यांनी एक सवय कटाक्षाने पाळली. दर खेपेला टाकी काठोकाठ भरावयाची, किलोमीटरचा आकडा वहीत मांडावयाचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर गेले ते त्याच्याखाली लिहावयाचे. इंधन मोजण्याची याहून सोपी आणि याहून भरवशाची रीत नाही. काट्यावरून अंदाज बांधणारे किंवा पाचशे रुपयांचे डिझेल टाकून किती फिरलो ते आठवणारे फसतात, ते ही शिस्त नसल्यामुळेच.

या वहीप्रमाणे गाडी नवी असताना माल भरून अकरा-साडेअकरा किलोमीटर चाले. अलीकडे हा आकडा नऊवर आला. योग्यता-प्रमाणपत्राची मुदत जवळ आली तेव्हा चुलते मला म्हणाले, “अरे, तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग सांग, ही म्हातारी ठेवू की विकू? नवीन गाडी तेरा देते म्हणतात.” वर्गात सीमान्त परिव्यय आणि घसारा शिकवताना मला कधी इतका घाम फुटला नव्हता. पुढे जे लिहीत आहे ते त्यांना दिलेल्या उत्तराचेच विस्तारित रूप होय.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. लिटरमागे किती किलोमीटर, हे माप विक्रेत्याच्या सोयीचे आहे. घरच्या हिशेबाला उलटे माप हवे : शंभर किलोमीटरला किती लिटर. आठ किलोमीटर देणारी गाडी दहा देऊ लागली, तर शंभर किलोमीटरमागे साडेबाराऐवजी दहा लिटर लागतात. बचत अडीच लिटरची. सोळा देणारी गाडी वीस देऊ लागली, तर सव्वासहाऐवजी पाच लिटर लागतात. बचत अवघी सव्वा लिटरची. दोन्ही ठिकाणी सुधारणा शेकडा पंचवीसच. पण जी मुळात अधिक खाते तिची थोडी सुधारणा ही मुळात कमी खाणारीच्या मोठ्या सुधारणेपेक्षा अधिक मोलाची असते. जुन्या, जड गाड्यांकडे दुर्लक्ष करून इंधनबचतीच्या गोष्टी करणे किती व्यर्थ आहे, ते एवढ्या साध्या भागाकारावरून दिसते.

इंजिन का खाते?

आता ही गाडी अधिक का खाते ते पाहू. जुन्या डिझेल इंजिनात इंधनाचा पंप यांत्रिक असतो. किती थेंब, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने सोडावयाचे, हे दांडे, स्प्रिंगा आणि झिजत जाणारे भाग ठरवतात. नव्या इंजिनात हेच काम विजेच्या नियंत्रणाने आणि कितीतरी अधिक दाबाने होते. त्यामुळे इंधनाचे कण बारीक होतात आणि ज्वलन अधिक पूर्ण होते. त्याहीपूर्वीच्या काही इंजिनांत इंधन प्रथम एका छोट्या कोठडीत पेटे आणि मग मुख्य सिलिंडरात शिरे. अशी इंजिने आवाजाला थोडी मऊ, पण उष्णतेची उधळपट्टी करणारी. पुण्यात तयार होणाऱ्या बजाज टेम्पोने तर आपल्या भाषेला ‘टेम्पो’ हा शब्दच बहाल केला, आणि १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. त्या पिढीच्या वाहनांची रचना झाली तेव्हा सरकारी धोरणाने डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवलेले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले आणि जुन्या इंजिनाची भूक मालकाच्या खिशाला थेट जाणवू लागली.

परंतु सगळा दोष वयाचा नसतो. गाडी नऊवर आली यात रचनेचा वाटा किती आणि दुर्लक्षाचा किती, हे कोणी पाहत नाही. नोझलचे तोंड झिजले की फवाऱ्याऐवजी धार पडते आणि न जळलेले इंधन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर जाते. काळा धूर म्हणजे मालकाने पैसे मोजून घेतलेले आणि चाकापर्यंत न पोचलेले डिझेल. हवेची गाळणी तुंबली की तेच होते. टायरात हवा कमी असली की रस्त्याचा विरोध वाढतो, आणि घासणारा ब्रेक रात्रंदिवस इंजिनाशी भांडत राहतो. वेगाचे गणित तर बहुतेकांना ठाऊक नसते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठऐवजी ऐंशीच्या वेगाने गेल्यास तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. सपाट तोंडाच्या, वर फडफडणारी ताडपत्री बांधलेल्या पिकअपला ही चैन परवडणारी नाही. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था बेताच्या आणि एकसारख्या वेगाचा, योग्य हवेचा आणि थांबलेले इंजिन बंद करण्याचा उपदेश कित्येक वर्षे करीत आली आहे. हा उपदेश पंपावरच्या फलकावर राहिला, गाडीत उतरला नाही, एवढेच.

चुलत्यांनी शेवटी मिस्त्रीकडून पंप आणि नोझल तपासून घेतले, गाळणी बदलली, टायरची हवा आठवड्याला पाहण्याचा नेम केला. वहीतला आकडा नऊवरून दहावर गेला. जाऊन-येऊन १३० किलोमीटरची एक खेप आणि वर्षाला दोनशे खेपा धरल्या, तर धाव २६,००० किलोमीटरची होते. नऊच्या हिशेबाने २,८८९ लिटर लागतात, दहाच्या हिशेबाने २,६००. बचत २८९ लिटरची. लिटरचा भाव सोयीसाठी ९० रुपये धरला, तर २६,००० रुपयांची. दुरुस्तीचा खर्च चार महिन्यांत वसूल झाला.

नवी घ्यावी काय?

आता मुख्य प्रश्न. उदाहरणादाखल मानू की नव्या पिकअपची किंमत दहा लाख आहे आणि जुन्याचे अडीच लाख येतात. उरलेले साडेसात लाख शेकडा दहा व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर हप्ता महिना सुमारे १६,००० रुपयांचा पडतो. सामान्य माणूस हप्ता आणि डिझेलची बचत यांची तुलना करतो आणि घाबरतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी जरा वेगळे पाहील. हप्ता फिटल्यावर गाडी शिल्लक राहते, म्हणून खरा खर्च म्हणजे व्याज आणि घसारा. व्याज पाच वर्षांत सरासरीने वर्षाला ४१,००० रुपये होते. नव्या गाडीची किंमत वर्षाला लाखभराने उतरते, जुनीची वीसेक हजारांनी, फरक ८०,०००. एकंदर नवेपणाची किंमत वर्षाला सुमारे १,२०,००० रुपये. त्यातून दुरुस्तीत वाचणारे, समजा, ३०,००० वजा केले, तर ९०,००० रुपये उरतात. हे सारे डिझेलच्या बचतीतून निघाले पाहिजेत.

नऊ देणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे दहा रुपयांचे डिझेल लागते, तेरा देणाऱ्या गाडीला सहा रुपये ९२ पैशांचे. बचत तीन रुपये आठ पैसे. म्हणजे वर्षाला सुमारे २९,००० किलोमीटरपेक्षा अधिक धाव असेल तरच नवी गाडी परवडेल. पण जुनी गाडी दुरुस्त होऊन दहा देऊ लागली की बचत दोन रुपये आठ पैशांवर येते आणि हीच सीमा ४३,००० किलोमीटरवर जाते. एका नोझलने आणि एका गाळणीने निर्णयाची सीमा चौदा हजार किलोमीटर पुढे ढकलली! किंमती आणि व्याजाचे आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत. रीत तीच राहील. जो मालक रोज दोन खेपा भाड्याने मारतो त्याने नवी गाडी जरूर घ्यावी. जो फक्त आपल्या वाडीचा माल घेऊन जातो त्याने केवळ ‘अॅव्हरेज’च्या मोहाने कर्जाच्या दारात उभे राहू नये. वाहनाचे वय किती, हा प्रश्न दुय्यम आहे. ते वर्षाला किती धावते, हा मुख्य.

रिकामी जागा हीच खरी उधळपट्टी

आणखी एक हिशेब याहून महत्त्वाचा आहे आणि तो कोणत्याही विक्रेत्याच्या पत्रकात छापलेला नसतो. डिझेल गाडीसाठी जळत नाही, मालासाठी जळते. म्हणून खरे माप म्हणजे क्विंटलमागे किती लिटर. नऊ देणारी जुनी गाडी १३० किलोमीटरच्या खेपेला साडेचौदा लिटर पिते. तिच्यात चार क्विंटल फुले-भाजी असली, तर क्विंटलमागे साडेतीन लिटरहून अधिक डिझेल पडते. नवी गाडी तेवढाच माल दहा लिटरांत नेते; क्विंटलमागे अडीच लिटर. पण त्याच जुन्या गाडीत तीन शेजाऱ्यांचा मिळून बारा क्विंटल माल चढला आणि ओझ्यामुळे खप सोळा लिटरवर गेला, तरी क्विंटलमागे सव्वा लिटरच्या जरासे वर लागते. भरलेली म्हातारी ही अर्ध्या रिकाम्या तरुणीपेक्षा निम्म्याने काटकसरी ठरते!

आमच्या रस्त्यावर पहाटे उभे राहिले तर काय दिसते? एकामागून एक पिकअप जातात, प्रत्येकात एकेका घराचा माल, प्रत्येकात निम्मी जागा मोकळी, आणि दुपारी सारी रिकामी परत येतात. ज्या तालुक्यात १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली, जेथे गावोगावी पतपेढ्या चालतात, तेथील माणसांना पैसा एकत्र करता येतो, मग पाट्या एकत्र का करता येऊ नयेत? अडचणी आहेत हे मान्य. माझा माल आधी उतरावा, माझ्या व्यापाऱ्याकडे आधी गाडी जावी, फुले चुरगळू नयेत, या रास्त चिंता आहेत. भाव चढा असेल त्या दिवशी शेजाऱ्यासाठी अर्धा तास थांबणे जिवावर येते. पण आठवड्यातील निदान काही दिवस चार घरांनी एक गाडी भरण्याचा नेम केला, तर जे डिझेल वाचेल ते वाचवण्यास कोणतेही नवे यंत्र लागणार नाही. वसई-भाईंदर रो-रो सेवा २०२४ साली सुरू झाली. तिच्या वेळा बाजाराच्या वेळेशी जुळवल्या, तर महामार्गाचा लांब वळसाही काही खेपांपुरता टळेल. आणि पुलाजवळच्या कोंडीत रोज तासभर इंजिन चालू ठेवून उभे राहणारी गाडी दोनशे खेपांत शंभर ते दोनशे लिटर डिझेल जागच्या जागी जाळते. हा खर्च चालकाच्या चुकीने नव्हे, रस्त्याच्या नियोजनाने होतो, हेही सांगितले पाहिजे.

धुराचा प्रश्न वेगळा

येथवर वाचून कोणास वाटेल की मी जुन्या गाड्यांची वकिली करीत आहे. तसे नाही. इंधनाचा खप आणि धुराचे विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. एक लिटर डिझेल जळले की अडीच किलोहून अधिक कर्बद्विप्राणिद वायू होणारच, इंजिन नवे असो वा जुने. परंतु काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे किती, हे इंजिनाच्या पिढीवर अवलंबून आहे. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-सहा मानकांनी ही मर्यादा फार खाली आणली, आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहावर आले. जुनी गाडी मालकाला कितीही किफायतशीर असली, तरी तिच्या मागे सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या फुप्फुसाचा खर्च तिच्या वहीत लिहिलेला नसतो. अर्थशास्त्रात यास बाह्य परिव्यय म्हणतात. साध्या भाषेत, एकाची काटकसर दुसऱ्याच्या माथी.

म्हणूनच शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेल्या वाहन-मोडीत धोरणाला तत्त्वतः विरोध करता येत नाही. वाहन मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र दाखवून नवे मालवाहू वाहन घेणाऱ्यास करात शेकडा पंधरापर्यंत सवलत देण्याची तरतूद त्यात आहे, आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या योग्यता-प्रमाणपत्राचे शुल्क बरेच वाढले आहे. प्रश्न न्यायाचा आहे. वाढीव शुल्क वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या वाडीवाल्याला आणि साठ हजार धावणाऱ्या भाडेवाल्याला सारखेच पडते. दोघांचा धूर मात्र सारखा नाही. कराची सवलत तर ज्याच्यापाशी नवी गाडी घेण्याची ऐपत आहे त्यालाच मिळते. ज्याची ऐपत नाही त्याच्या पदरी फक्त शुल्क. वयावरून दंड करणे सोपे असते, वर्तनावरून करणे कठीण. पण न्याय सोपा असतोच असे नाही.

काय करता येईल?

सूचना साध्या आहेत. पहिली, योग्यता-तपासणीच्या वेळी ब्रेक, दिवे आणि धूर पाहतात, तसा इंधनाच्या खपाचाही अंदाज काढून मालकाला लेखी द्यावा. दंडासाठी नव्हे, सल्ल्यासाठी. दुसरी, वाढीव शुल्क वयाबरोबर वार्षिक धाव आणि प्रत्यक्ष मोजलेला धूर यांच्याशी जोडावे. तिसरी, सहकारी बँका आणि पतपेढ्यांनी नव्या गाडीसाठी जशी कर्जे दिली जातात, तशी पंप, नोझल आणि टायर यांच्यासाठी छोटी, अल्प मुदतीची कर्जे द्यावीत. वरील हिशेबाप्रमाणे ती चार-सहा महिन्यांत फिटतील. चौथी, जेथे गाडी खरोखरच बदलावयाची आहे, तेथे चार घरांनी मिळून एक घ्यावी आणि ती भरून चालवावी. धाव वाढली की नवी गाडी परवडते, हे आपण वर पाहिलेच.

एक सावधगिरीची सूचना मात्र शेवटी केली पाहिजे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावर लिहिताना दाखवून दिले होते की, इंजिने अधिक काटकसरी झाली म्हणजे कोळशाचा एकूण खप घटतोच असे नाही. वाफ स्वस्त झाल्याने तो वाढतोही. आपल्या रस्त्यांवर तेच घडत आहे. गाड्या अधिक किलोमीटर देऊ लागल्या आणि आपण अधिक फेऱ्या मारू लागलो. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल बाहेरून येते. १९७३ साली तेलाच्या किंमती काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेल्या तेव्हा जो धडा मिळाला, तो आपण दर पिढीला नव्याने विसरतो. यंत्र सुधारले म्हणजे माणसाने सुधारण्याचे कारण उरत नाही, ही समजूत महाग पडते.

चुलत्यांनी गाडी ठेवली आहे. प्रमाणपत्र मिळाले, शुल्क भरताना त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्या रास्तही होत्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारच्या दोन वाड्यांचा माल त्यांच्याच गाडीत चढतो. त्यांनी वहीत एक नवा रकाना आखला आहे : माल किती क्विंटल. तो रकाना प्रत्येक गाडीवाल्याच्या वहीत आणि तपासणी करणाऱ्या कार्यालयाच्या नोंदवहीतही आला, तर वाडीवाल्याचा कर्जाचा हप्ता टळेल, देशाचे डिझेल वाचेल, आणि निर्मळचा चाफा आणखी काही वर्षे तरी दादरच्या बाजारात दिसत राहील.